ओसरीही निवाराच : ठाणे जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांस अनावृत पत्र

मौजे अंबाडी, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे

माननीय जिल्हाधिकारी महोदय,



भिवंडीहून वाड्यास जाणाऱ्या रस्त्याला अंबाडीच्या नाक्यावर वज्रेश्वरीचा फाटा फुटतो. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत जिला नवस केला आणि १७३९ साली किल्ला सर झाल्यावर जिचे देऊळ बांधून तो फेडला गेला, त्या देवीच्या दर्शनास, आणि कदाचित त्याहूनही अधिक अकलोली-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत आपले दुखरे सांधे शेकून घेण्यास, मुंबई-ठाण्याकडील वृद्ध मंडळी पिढ्यानुपिढ्या याच फाट्यावरून गेली आहेत. सन २०२३ च्या आषाढात, संततधार पावसाच्या एका सकाळी, याच फाट्यापासून थोड्या अंतरावर एका गोदामाच्या भिंतीला टेकून पडलेली लॅब्रॅडॉर जातीची एक वृद्ध कुत्री मी पाहिली. मागच्या दोन्ही सांध्यांनी तिला दगा दिला होता. उठण्याचा यत्न करी, पुढचे पाय रोवी, आणि पुन्हा बसे.

गोदामाचा रखवालदार म्हणाला, "गुरुजी, रात्री एक मोटार थांबली होती. दार उघडलं, मिटलं, आन् गेली वाड्याकडं." त्याने आपल्या डब्यातील अर्धी भाकरी तिच्यापुढे ठेवली होती, तिने ती हुंगून तशीच राहू दिली होती. तिच्या गळ्याभोवती, वर्षानुवर्षे पट्टा घासून केस झडल्यामुळे झालेला बोटभर रुंदीचा वण स्पष्ट दिसत होता. पट्टा मात्र नव्हता. वाट चुकलेल्या जनावराचा पट्टा गळ्यातच राहतो, तो सोडवावा लागतो माणसाच्या हातांनी, ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा मला जो विषाद झाला तो आज दोन वर्षे लोटल्यावरही ओसरलेला नाही. आचळे लोंबलेली, पोट ढिले पडलेले. आयुष्यभर तिच्याकडून पिल्ले घेण्यात आली होती, हे उघड होते. श्वानपैदास व विक्री यांसंबंधी केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांत, आठ वर्षांवरील मादीपासून वीण घेऊ नये, बारा महिन्यांत एकाहून अधिक वेते होऊ देऊ नयेत आणि साऱ्या आयुष्यात ती पाचांहून अधिक नसावीत, असे स्पष्ट नमूद आहे. या नियमांचा कागद तिच्या मालकाच्या दृष्टीस कधी पडला असेल, असे मला वाटत नाही.

तिला मी घरी आणले ते चार दिवसांच्या बोलीवर. पत्नीने तिला काशी म्हणून हाक मारली, आणि तेच नाव राहिले.

हे पत्र तक्रार म्हणून लिहिलेले नाही. आपण या जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीचे अध्यक्ष आहात, आणि या सोसायटीच्या हाती असलेल्या अधिकारांत एक अशी तजवीज बसू शकते की जिला पैसा थोडा लागेल, जागा मुळीच लागणार नाही, आणि जिच्यायोगे काशीसारख्या जीवांचे अखेरचे वर्ष-दीड वर्ष माणसाच्या सहवासात जाईल, अशी माझी खात्री झाल्यामुळे हा अर्ज जाहीरपणे रुजू करीत आहे. ती तजवीज काय, हे सांगण्यापूर्वी काशीची हकिकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. कारण जे मला कळले ते पुस्तकातून कळलेले नाही, तिच्यापासून कळले.

बेवारस जनावर कायमचे घर मिळेपर्यंत आपल्या घरी ठेवून घेणे, याला मुंबईचे प्राणिमित्र 'फॉस्टर' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द नवा असला तरी वस्तू नवी नव्हे. माहेरपणाला आलेली मुलगी, शिक्षणासाठी राहिलेला भाचा, परगावी निघालेल्या शेजाऱ्याची गाय, यांना काही मुदतीपुरते आपले मानून सांभाळण्याचा शिरस्ता आपल्या घरांना ठाऊकच आहे. फरक इतकाच, की येथे जो सांभाळावयाचा तो आजारी असतो, वृद्ध असतो, आणि त्याला न्यावयास कोणी येईल की नाही हे कोणासच सांगता येत नाही.

पहिला महिना गोचिडांच्या तापात गेला. कानांच्या पाळ्यांत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी गोचिडांचे थर होते. रक्ततपासणीत बिंबिकांची संख्या धोक्याच्या पातळीखाली गेलेली निघाली, आणि चार आठवडे रोज औषध द्यावे लागले. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा रोजचा व्याप गाई-म्हशींचा, शेळ्यांचा. तरीही तेथील अधिकाऱ्यांनी आपुलकीने तिला तपासले आणि तिचे वय दातांवरून अकराच्या आसपास ठरवले. श्रावण लागताच ती अकस्मात घागरभर पाणी पिऊ लागली, अन्नावरून तिची वासना उडाली, आणि मागल्या बाजूने पू वाहू लागला. ऋतुकाल उलटून गेल्यावर काही आठवड्यांनी वयस्क मादीच्या गर्भाशयात पू साचतो. तरुणपणीच जिचे निर्बीजीकरण झाले आहे तिला ही व्याधी सहसा होत नाही, आणि जिचे झालेले नाही तिच्या प्राणाशीच गाठ पडते. एका शहरी दवाखान्यात तिला मोटारीतून खाली उतरवण्यापूर्वीच, "कशाला खर्च करता, झोपवून टाकू या," असा सल्ला मिळाला. दुसऱ्या ठिकाणच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र धोका समजावून दिला, माझी सही घेतली, आणि त्याच रात्री गर्भाशय काढून टाकले. काशी वाचली. मूत्रपिंडांचे जे नुकसान होऊन गेले होते ते तेवढे कायम राहिले.

मुंबईला परळचे बाई साकरबाईंच्या नावाचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटांनी लहान प्राण्यांसाठी नवे सुसज्ज रुग्णालय उघडले. ही भूषणे आहेत. पण अंबाडीहून भिवंडीच गाठायची तर वीसेक किलोमीटर आणि या रस्त्याची पावसाळ्यातील अवस्था. परळ आमच्यासाठी परगावच.

येथून पुढचे महिने मला विशेष आठवतात. आमचे घर निम्मे जुने, निम्मे नवे आहे. आतील खोल्यांत मुलाने चकचकीत फरशी बसवून घेतली. ओसरी तेवढी अजून शेणाने सारवलेली आहे. फरशीवर काशीचे मागचे पाय दोहों बाजूंना फाकत आणि ती भेदरून जागच्या जागी थिजून उभी राही. ओसरीवर येताच नखे मातीत रुतत आणि ती हळूहळू, पण आपल्या बळावर, चालू लागे. ज्या फरशीचा आम्हांला अभिमान, तिनेच तिला पंगू केले होते, आणि जी ओसरी आम्ही पुढल्या वर्षी काढून टाकणार होतो, तिने तिला पाय दिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, म्हणून घराचा नकाशा तिने नाकाने आणि मिशांच्या टोकांनी तयार केला. तिला हात लावण्यापूर्वी हाक मारावी, पाण्याचे भांडे रोज त्याच कोपऱ्यात असावे, खाट हलवू नये, एवढे पथ्य पाळले की ती आंधळी आहे हे पाहुण्यांच्या लक्षातही येत नसे. भाद्रपदात मखरासाठी आम्ही सामान इकडचे तिकडे केले, तेव्हा मात्र दोन दिवस ती कपाट गेले होते त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात होती आणि जेथे कपाट नव्याने आले होते तेथे जाऊन आदळत होती.

एका शेजाऱ्यांनी स्वतःच्या गुडघेदुखीच्या गोळ्या मोठ्या कळकळीने आणून दिल्या. हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण हेतू शुद्ध असूनही प्राण घेणारी ही चूक घरोघर होते: माणसाच्या सांधेदुखीवरच्या कित्येक गोळ्या कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात; काशीची तर अगोदरच अर्धी गेलेली होती.

आता माझा अपराध सांगतो.

कार्तिकात एका मोठ्या गावातील कुटुंब तिला न्यावयास आले. सज्जन माणसे, दोन शाळकरी मुले, मुलांनी आल्याबरोबर तिच्या मानेला मिठी घातली. मी त्यांना तिच्या लशींचे दाखले दिले, शस्त्रक्रियेची हकिकत सांगितली, तिच्या गोड स्वभावाची स्तुती केली. एक गोष्ट मात्र मी बोललो नाही. दुखावलेली मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत. असे जनावर फार पिते आणि फार मुतते, आणि रात्री दोन-तीन वेळा कोणी उठून त्याला बाहेर नेले नाही तर अंथरूण भिजणारच. त्या चकचकीत घरातील गालिचा मनाशी पाहूनच माझी जीभ अडखळली. घर हातचे जाईल, ही भीती. एकदा लळा लागला की तेच सांभाळून घेतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

एकोणीस दिवसांनी त्यांनी तिला परत आणली. अंथरूण भिजू नये म्हणून दिवेलागणीनंतर तिचे पाणी बंद करावे, असे त्यांना सुचले होते. ज्याला मूत्रपिंडाचा विकार ठाऊक नाही अशा कोणालाही हेच सुचले असते. तिच्या हिरड्या कोरड्या पडल्या होत्या, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती, आणि रक्तातील क्रिएटिनीन दुपटीवर गेले होते. त्या घरच्या बाई ओसरीवर बसून रडल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही सांगितलं असतंत तर आम्ही तिचं पाणी तोडलं नसतं."

तीन दिवस सलाईन चालले. चौथ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो आणि काशीची संपूर्ण कैफियत लिहून काढली. सहा पाने झाली. तिला कोणकोणते रोग आहेत, रोज कोणते औषध किती वाजता, कातडीखाली सलाईन किती व कसे द्यावयाचे, रात्री किती वेळा उठावे लागेल, कोणते अन्न वर्ज्य, कशाला घाबरते, खर्च महिन्याकाठी सुमारे ३,५०० रुपये, आणि शेवटी डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे आयुष्य बहुधा एक वर्ष. खाली एक वाक्य जोडले: जमले नाही तर केव्हाही, कोणतेही कारण न देता, परत आणावी, आमचे दार उघडे आहे. त्या हिवाळ्यात आठ जणांनी चौकशी केली. पाने वाचून सात जण परत फिरले. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, कारण ते वेळीच परत फिरले आणि काशीला दुसरी फेरी पडली नाही. आठव्या आल्या त्या शहापूरकडील एक सेवानिवृत्त परिचारिका. एकट्या राहणाऱ्या, कौलारू घर, मातीचे अंगण. त्यांनी सहाही पाने दोनदा वाचली, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला: "सुई कुठे टोचता, मानेवर की खांद्यावर?"

२०२४ च्या चैत्रात काशी त्यांच्याकडे गेली आणि तेथे तेरा महिन्यांहून अधिक राहिली. गेल्या ज्येष्ठात ती वारली. त्या दिवशी सकाळी नाचणीची आंबील खाल्ल्याचे बाईंनी दूरध्वनीवरून कळवले. फणसाच्या झाडाखाली तिला पुरले आहे.

महोदय, आता मुद्द्याचे. प्राण्यांना निर्दयपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम, जनावराला उपासमार वा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा अपराध मानतो, आणि पहिल्या अपराधास त्याने सांगितलेला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत आहे. काशीला सोडून जाण्यासाठी त्या मोटारीला जे तेल लागले असेल, त्याच्या कितीतरी पट कमी. हा आकडा बदलणे आपल्या अखत्यारीत नाही. परंतु त्याच अधिनियमाखाली २००१ साली झालेल्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी, रुग्णालय व निवारा उभारण्यासाठी राज्य सरकारने तिला पुरेशी जमीन व इतर सोयी द्याव्यात, तेथे पूर्णवेळ पशुवैद्य नेमावा, अशी तरतूद केली आहे, आणि ती अमलात आणणे आपल्या अखत्यारीत येते. अपघातात सापडलेल्या, पिसाळल्याचा संशय असलेल्या, शस्त्रक्रियेनंतर काही दिवस देखरेखीखाली ठेवावयाच्या जनावरांना असा निवारा हवाच. वृद्धाला मात्र तो मानवत नाही. सिमेंटचा ओटा सांध्यांना बाधतो. शेजारी रात्रंदिवस भुंकणे. ताट पुढे आले की धडधाकट तरुण कुत्रे त्याला बाजूला सारतात. अंध कुत्र्याला तर पिंजऱ्याच्या चार भिंतींपलीकडे नकाशाच उरत नाही. आणि दत्तक घ्यावयास आलेला माणूस पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी थांबतो, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत त्याची पावले पोचत नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्याला हवे असते एक घर, एक ओसरी, आणि त्याच्या नावाने हाक मारणारे एक माणूस.

मुंबईने हा प्रश्न फार पूर्वी एकदा आपल्या परीने सोडवला होता. मोकाट कुत्रे मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे देण्याच्या हुकुमावरून ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी समाजाने दंगल केली, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी रदबदली केली ती, कुत्रे मारू नयेत, शहराबाहेर नेऊन सोडावेत, अशी. आणि दोन वर्षांनी, १८३४ साली, त्यांनी आणि अमीचंद शहांनी भुलेश्वरास पांजरपोळ काढला. त्या संस्थेची एक शाखा आपल्या भिवंडीसही आहे. त्या पुरुषांच्या दयाबुद्धीविषयी मला नितांत आदर आहे. परंतु शहराबाहेर नेऊन सोडण्याची जी वहिवाट तेव्हा दयेपोटी पडली, तिचेच विकृत रूप आमच्या नाक्यावर रात्रीच्या अंधारात दार उघडून मिटणाऱ्या मोटारीत मला दिसते. शहराच्या दृष्टीने आम्ही 'बाहेर' आहोत. आम्ही मात्र येथे राहतो, आणि सोडलेले जनावर आमच्या दारात येते.

मोकाट कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशाची देशभर चर्चा झाली. निर्बीजीकरण, लस, खाऊ घालण्याच्या जागा, यांवर पुष्कळ बोलले गेले. इच्छुकांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घ्यावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदारावर राहील, असेही त्या आदेशात आहे. त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जबाबदारी टाकली ती योग्यच. पण ती पेलण्याचे साधन अर्जदाराच्या हाती कोण देणार? माझ्या हातून जे घडले ते पेलण्याची इच्छा नव्हती म्हणून घडले नाही. नव्या घराला सत्य सांगण्याची रीत नव्हती आणि परत येण्याचा मार्ग कोठे लिहिलेला नव्हता, म्हणून घडले.

तेव्हा माझी विनंती अशी की, सोसायटीच्या दप्तरी ओसऱ्यांची एक नोंदवही ठेवावी. ज्यांच्या घरी जमीन घसरडी नाही, जिने नाहीत, दिवसभर कोणी असते, आणि वृद्ध वा आजारी कुत्रे काही महिने सांभाळण्याची ज्यांची तयारी आहे, अशा कुटुंबांची नावे तालुकावार त्यात असावीत. आमच्या या पट्ट्यात, नव्या इमारती कितीही उठल्या तरी, अशी घरे अद्याप पुष्कळ आहेत. आणि पेन्शनीत निघालेली, मुले कामाधंद्यानिमित्त दूर असलेली, सायंकाळ कशी काढावी या विवंचनेत बसलेली वृद्ध जोडपी तर त्याहून अधिक आहेत. नोंद झालेल्या घरास सोसायटीने पैसे देऊ नयेत, औषध द्यावे. पैशाने दुसरीच माणसे पुढे येतील. आठवड्यातून एक दिवस तालुक्यातील एखाद्या सरकारी दवाखान्यात कुत्र्या-मांजरांसाठी राखून तेथे रक्ताचे नमुने घेण्याची सोय व्हावी, म्हणजे मूत्रपिंडाच्या रोग्याला दर महिन्याला ठाण्या-मुंबईची वाट धरावी लागणार नाही. प्रत्येक हस्तांतरणासोबत कैफियतीचा एक ठरीव नमुना, दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी, सक्तीचा असावा. त्यात रात्रीच्या उठण्यापासून महिन्याच्या खर्चापर्यंत काहीही गाळण्याची मुभा नसावी, आणि परत आणण्याचा हक्क ठळक अक्षरांत छापलेला असावा. दत्तकपत्रात गोड वाक्ये पुष्कळ लिहिली जातात. कुत्र्याला वाचवतात ती कडू वाक्ये.

आणखी एक. भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या कितीतरी गोदामांच्या दारांवर कॅमेरे आहेत आणि ते रात्रभर रस्ता पाहतात. जनावर सोडल्याची खबर मिळताच त्या रात्रीचे चित्रण जपून ठेवावे आणि पोलिसांस द्यावे, एवढी समज गोदाममालकांस आपल्या सहीने गेली, तर दंड पन्नासच रुपये असला तरी नाव लिहिले जाईल, आणि नाव लिहिले जाण्याची भीती पन्नास रुपयांहून मोठी असते.

यांतील काहीच होणे नसेल, तर निदान नोंदवही तरी सुरू करावी. त्यास एक कारकून आणि एक कोरी वही पुरेल. पहिले नाव माझे घालावे: ओसरी सारवलेली, पायऱ्या दोन, घरात दोन वृद्ध माणसे, पाण्याचे भांडे त्याच कोपऱ्यात आहे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक,
अंबाडी